कठड्यावरची चाळीस मिनिटं

मिलिंद, तुझ्याबद्दल सगळे फार चांगलं बोलले. मला वीट आला.

सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये तुझं पुण्यानुमोदन झालं. पांढरे कपडे, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, सगळं रीतसर. मग एकेक जण माइकपाशी आला आणि प्रत्येकाने तेच सांगितलं. मिलिंद कधी कुरकुर करायचा नाही. मिलिंदला कधी आजारी पाहिलं नाही. एकाने तर 'अवर नो वरीज मॅन' असं म्हटलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या रांगेत हात बांधून बसलो होतो. तुझ्या ज्या गुणाचं कौतुक चाललं होतं त्याच गुणाने तू गेलास, आणि हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं.

समोर टेबलावर तुझा फोटो होता, मायोर्काचा. सायकल एका हाताने धरलीयस, दुसऱ्या हाताचा अंगठा वर, मागे डोंगर आणि खाली निळं पाणी. फोटो मीच काढलेला. लोक म्हणत होते, मे महिन्यात हा माणूस स्पेनच्या बेटावर डोंगर चढत होता, कोण म्हणेल ऑगस्टमध्ये असं होईल म्हणून. फुलं वाहून झाल्यावर तुझी बायको सुजाता त्या फोटोपाशी बराच वेळ उभी राहिली. नंतर चहाच्या टेबलाशी मला गाठून तिने हळू आवाजात विचारलं, "प्रशांत, त्या फोटोत त्याचा रंग कसा आहे बघितलास? ओठ बघ. तीन महिने माझा डीपी होता तो. तिकडे काही झालं होतं का त्याला?"

मी म्हणालो, "नाही गं. दमला होता फक्त. चढ फार होता."

तिने मान हलवली. "मी नर्स आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं लोकांच्या छात्या बघतेय. माझ्याच घरातलं मला दिसलं नाही." मग जाता जाता सहज बोलल्यासारखं तिने सांगितलं, की तुमच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमधून फोन आला होता, त्यांच्या रेकॉर्डला तुझी शेवटची व्हिजिट करोनाच्या बूस्टरची. त्यानंतर तू कधी गेलाच नाहीस. तिच्या लेखी ते वाक्य तिच्याच चुकांच्या यादीतलं होतं, 'मी त्याला ढकलायला हवं होतं' वगैरे. मी चहाचा कप खाली ठेवला.

मला तू काय सांगितलं होतंस, मिलिंद? जूनमध्ये, सायकलची चेन पुसताना, माझ्याकडे न बघता? "जाऊन आलो बे. ईसीजी नॉर्मल. ॲसिडिटीच होती."

आपल्या त्या लपवाछपवीच्या नियमाचं मूळ पेंडल हिलच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आहे. सहा जण राहायचो. तू टेलिकॉमचं मास्टर्स करत होतास आणि संध्याकाळी सायकलवरून खाणं पोचवत होतास. मी युनिच्या तासांनंतर ऑफिसं झाडायला जायचो. एकदा एका यूट गाडीने तुला उडवलं, खांद्याचं हाड मोडलं. रविवारी नागपूरहून तुझ्या आईचा फोन आला तेव्हा तुझा उजवा हात गळ्यात, डाव्या हाताने खांद्यावर बर्फाची पिशवी धरलेली, आणि फोन मी तुझ्या कानाला लावून उभा. आई म्हणाल्या, आवाज असा का येतोय? तू म्हणालास, सर्दी झालीय, बाकी मजेत. फोन ठेवल्यावर आपण सहाही जण इतके हसलो की तुला हसता येईना, हाड दुखायचं. तेव्हापासून ठरलं. घरी सांगायचं नाही. नोकरी गेली, घरी सांगायचं नाही. विषयात नापास झालो, घरी सांगायचं नाही. माझं लग्न मोडलं, तर माझ्या आईला दीड वर्षाने कळलं, आणि तोवर तू तिला फोनवर सांगत होतास की प्रशांतची शिफ्ट आहे, काकू.

आपल्याला त्याचा अभिमान होता. घरच्यांना त्रास नको म्हणून आपण किती सोसतो. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना शोभतं ते. आपण चाळिशी ओलांडली, घरं घेतली, नागरिक झालो, आणि तरी तेच चालू ठेवलं.

तुला स्वतःला त्याचा चटका बसला होता, हे तर मला अजिबात समजत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तुझी आई आजारी पडली आणि ताईने तुला सहा दिवस कळू दिलं नाही. सहा दिवस तू रोज फोन करत होतास आणि आई बसक्या आवाजात सांगत होत्या, घसा खराब आहे रे, बाकी ठीक. सातव्या दिवशी कळलं तेव्हा त्यांचं बोलणं बंद झालं होतं. इथून तिकडे विमान नव्हतं, गेलास तरी परत येता येणार नव्हतं. तू तुझ्या ड्राइव्हवेमध्ये उभा राहून ताईवर ओरडत होतास. शेजारच्या घरात बार्बेक्यू चालला होता, कारण त्या महिन्यात सिडनीत करोना नव्हता, सगळं उघडं होतं. तू म्हणत होतास, "मला का नाही सांगितलं? मी काय परका आहे? मी निदान तिच्याशी नीट बोललो असतो ना." ताई पलीकडून एवढंच म्हणत होती, आईनेच शप्पथ घातली होती, तो तिकडे एकटा काळजी करेल म्हणून. मग तू माझ्याकडे वळलास. तुझा चेहरा ओला झाला होता. "पश्या," तू म्हणालास, "हे असं मी कुणाला करणार नाही."

हे तुझे शब्द आहेत, माझे नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी आपल्याकडे लॉकडाउन लागला आणि आपल्या भागात जरा जास्तच कडक लागला. शहराच्या पूर्वेकडचे लोक टीव्हीवर बीचवर दिसायचे आणि आपल्या डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरायचं. तुझं काम चालू होतं, घरोघरी इंटरनेट जोडायचं, लोकांना घरात कोंडून घ्यायला आधी तूच लागायचास. मी रिकाम्या बस चालवायचो. सुजाता वृद्धाश्रमात दोन-दोन शिफ्ट करायची आणि घरी येऊन गॅरेजमध्ये कपडे बदलायची. आपल्याला एक तास व्यायामाला परवानगी होती, तेवढ्यात आपण सायकली काढायचो. पाच किलोमीटरच्या आत गोल गोल. तू पुढे, मी मागे. रस्त्यात काही आलं की तू हात खाली करून ओरडायचास, "खड्डा!" अख्ख्या सिडनीत मराठीत खड्डे दाखवत जाणारे आपणच असू.

त्या गोल गोल फिरण्यातूनच तुझ्या डोक्यात ते बेट आलं. "आपण राहतो तेही बेटच आहे," मी म्हणालो होतो. तू म्हणालास, "याला फेरी मारायला वर्ष लागेल. मला असं बेट पाहिजे, जे आठवड्यात संपतं. जिथून निघालो तिथे परत." मग तू व्हिडिओ पाठवायला लागलास. भूमध्य समुद्र, लिंबाच्या बागा, डोंगरातले रस्ते. आई गेल्यानंतर तुझ्या आवाजात पहिल्यांदा जीव आला होता, म्हणून मी हो म्हटलं. सुजातानेही म्हटलं, जा तुम्ही, मला सुट्टी मिळणार नाही, पण याला जरा घराबाहेर काढ. ती तुला माझ्या ताब्यात देत होती, हे मला आता कळतं.

आणि ते दिवस छान होते. ते मी नाकारत नाही. छान होते याचाच जास्त राग येतो. तू आपल्या सायकली खोक्यात भरून नेल्यास, भाड्याची सायकल म्हणजे दुसऱ्याचा चष्मा, असं तुझं म्हणणं. हॉटेलच्या खोलीत जमिनीवर स्क्रू पसरून तू दोन्ही जोडल्यास आणि शेवटी एक स्क्रू उरला, तो कुठला ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सुजाताने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आपण बदामाच्या झाडाखाली खाल्ल्या. सत्तरीचे जर्मन आजोबा आपल्याला मागे टाकून जायचे आणि तू प्रत्येकाला जय भीम घालायचास, आणि तेही काहीतरी म्हणायचे. सहा दिवसांत एक खड्डा सापडला नाही. चौथ्या दिवशी तू वैतागून गुळगुळीत रस्त्यावर उगाच हात खाली केलास आणि ओरडलास, म्हणालास सवय जायला नको.

पाचव्या दिवशी सा कालोब्रा. हे तू व्हिडिओत शंभर वेळा बघितलं होतंस. डोंगरावरून रस्ता वळणं घेत घेत थेट समुद्रापर्यंत उतरतो आणि तिथे संपतो. परतीला दुसरा रस्ता नाही. जेवढं उतरलात तेवढं चढायचं. खाली पोचलो तेव्हा तू दगडांवर बसून बूट काढलेस आणि पाण्यात पाय सोडलेस. तू फार बोलत नव्हतास. मी म्हटलं दमलास का, तू म्हणालास ऊन. तिथून पलीकडच्या गावाला बोट जाते. मी तिकीटवाल्याला जाऊन विचारून आलो. जागा असली तर सायकली घेतो म्हणाला. अर्ध्या तासात सुटणार होती.

"मिलिंद, बोटीने जाऊ."

"येडा आहेस का? सिडनीहून इथपर्यंत बोटीत बसायला आलो?"

"चढ मोठा आहे."

"तू जा बोटीने. मी वर भेटतो."

मी जरा वाद घातला. मग तू मला चिडवायला लागलास, बस ड्रायव्हर आहेस ना, तुला बसून प्रवास करायची सवय. आणि मी हसलो आणि सायकलवर बसलो. हा वाद मी गेले कित्येक दिवस रोज पुढे चालवतो आहे. डेपोतून बस काढली की सुरू होतो. त्यात मी जिंकतो, तुझी सायकल उचलून बोटीत टाकतो. त्या बोटीला मी नाव दिलंय, पण ते तुला सांगणार नाही.

निम्म्याच्या थोडं वर तू थांबलास. मी मागून आलो तर तू दगडी कठड्यावर बसला होतास, सायकल रस्त्यातच आडवी. चेहरा राखेच्या रंगाचा. घामाने जर्सी चिकटलेली आणि हात लावला तर अंग गार. डावा हात तू उजव्या हाताने चोळत होतास. मी विचारलं काय होतंय, तू म्हणालास, "सकाळचं तेलकट नडलं. ॲसिडिटी." मी तुला पाचक गोळी दिली. पाचक गोळी, मिलिंद. माझ्या खिशात तेवढंच होतं.

एक जर्मन नवरा-बायको थांबले. त्या बाईंनी तुझ्याकडे बघितलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, इथे? डॉक्टर? फोन करू? त्यांनी फोन बाहेर काढलाही होता. तू अंगठा वर केलास आणि म्हणालास, "नो वरीज, मेट. जस्ट ओल्ड." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मित्र होतो, मला विचारणं बरोबर होतं. आणि मी म्हणालो, ही इज ओके. त्या बाईंना ते पटलं नाही, पण दोघं भारतीय एकसुरात सांगतायत म्हटल्यावर त्यांनी पाण्याची बाटली ठेवली आणि गेल्या.

आपण तिथे चाळीस मिनिटं बसलो. रस्त्यावर बकऱ्या फिरत होत्या. हळूहळू तुझा रंग परत आला, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "सुजाताला फोन लावतो. ती सांगेल काय करायचं."

तेव्हा तू माझं मनगट धरलंस. तेवढा जोर होता तुझ्यात. "घरी सांगायचं नाही."

"मिलिंद, हे ते नाही."

"ऐक. तिने दोन वर्षं माणसं जाताना बघितलीयत. रोज एक. आता कुठे ती झोपायला लागली. तिला सांगितलं तर ती तिथून विमानात बसेल. घरात अजून एक पेशंट नको तिला. सिडनीला गेलो की पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे जातो. प्रॉमिस."

तुझं कारण चांगलं होतं. तुझी कारणं नेहमीच चांगली असायची. बायकोवर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या प्रेमाने तिचं जे केलंस ते एखाद्या वैऱ्याने केलं नसतं. मी मान डोलावली. तुझ्या आईची शप्पथ ताईने पाळली, तुझी मी पाळली. ताईशी तू वर्षभर धड बोलला नव्हतास.

वर पोचल्यावर तू म्हणालास, फोटो काढ, ती वाट बघत असेल. तोच हा फोटो. कठड्यावरून उठल्यानंतर तासाभरातला. तू लगेच तो तिला पाठवलास आणि तिने हृदय पाठवलं.

त्या संध्याकाळी आपण बंदरावर बसलो होतो तेव्हा तू अचानक म्हणालास, "पश्या, आता आईचा राग येत नाही." मी म्हटलं, मला अजून येतो, त्यांनी सांगायला हवं होतं. तू म्हणालास, "सांगून काय झालं असतं? मी नुसता तडफडलो असतो. तिने मला सहा दिवस सुखाचे दिले." मी म्हटलं, ते सहा दिवस तुझे होते, त्यांनी परस्पर ठरवायचे नव्हते. तू हसलास आणि कॉफी आणायला उठलास. वाद तिथेच राहिला. मला वाटलं तू आईबद्दल बोलतोयस. इतका मठ्ठ मी कसा, हे मी स्वतःला विचारतो, पण तुलाही विचारतो, की तू इतका चतुर कशाला होतास?

परत आल्यावर मी तुला तीनदा विचारलं. गेलास का. दोनदा तू जातो म्हणालास आणि तिसऱ्यांदा ती ईसीजीची गोष्ट सांगितलीस. मी सुटलो. मला तेच ऐकायचं होतं. ऑगस्टच्या एका बुधवारी तू कॅसल हिलमधल्या एका घराचं काम संपवून व्हॅनमध्ये बसलास आणि उठला नाहीस. त्या घरातल्या बाईंना वाटलं तुझा लंच ब्रेक चाललाय. तासाभराने त्या चहा विचारायला बाहेर आल्या.

गेली अठरा-वीस वर्षं मला वाटत होतं की त्या नियमात दोन बाजू आहेत. एका बाजूला घर, आणि दुसऱ्या बाजूला आपण दोघं, ज्यांना सगळं माहीत असतं. हॉलमध्ये तो चहाचा कप ठेवताना मला कळलं की तू मलाही घरच्यांमध्ये टाकलं होतंस. माझं लग्न मोडलं तेव्हा दर रविवारी सकाळी तू माझ्या दारात येऊन सायकलची घंटी बडवत राहायचास, शेजारी शिव्या द्यायचे, पण मी बाहेर येईपर्यंत तू ती सोडायचा नाहीस. तुझ्यामुळे मी जगलो, हे मी कधी तुला तोंडावर सांगितलं नाही. आणि त्या माणसाने माझ्याशी चेन पुसत पुसत खोटं बोलावं, मला काळजी नको म्हणून. घरच्यांशी बोलतो तसं. मला याचा अभिमान वाटायला हवा की काय, मला समजत नाही. मला फक्त राग येतो.

सुजाताला सांगायला मला अकरा दिवस लागले. ती कामावर जात नव्हती, म्हणत होती, पेशंटच्या अंगाला हात लावायची भीती वाटते, मला काही दिसतच नाही म्हटल्यावर मी कशाची नर्स. मी सांगितलं असतं तर तिला एवढं तरी कळलं असतं की तिच्यापासून ते लपवलं होतं, दोन माणसांनी मिळून, ठरवून. पण मग त्या दोघांतला जिवंत माणूस मी होतो. तुमचं घर सोडलं तर या देशात माझं घर नाही. तुझी लेक मैत्री मला काका म्हणते. अकरा दिवस मी ते घर राखत बस चालवली, आणि तिला तिकडे स्वतःला खाऊ दिलं.

शनिवारी दुपारी गेलो. दार मैत्रीने उघडलं. "मम्स आउट द बॅक," ती म्हणाली आणि परत खोलीत गेली. बारा वर्षांची मुलगी, पण तुझ्यासारखीच पाठ ताठ ठेवून चालते. सुजाता मागे दोरीवरचे कपडे काढत होती. मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. बोट, कठडा, जर्मन बाई, सगळं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग तिने ड्यूटीवर विचारतात तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"घाम गार होता?"

"हो."

"हात कुठला?"

"डावा."

"जबड्यात दुखत होतं? उलटीसारखं?"

"मळमळतंय म्हणाला होता."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं बसलो होतो."

"तिथे दुपार होती म्हणजे इथे रात्रीचे नऊ. मी जागी होते, प्रशांत. मी सोफ्यावर बसून त्याच्या मेसेजची वाट बघत होते." तिने हातातला टॉवेल बास्केटमध्ये ठेवला. "मी रोज तो फोटो मोठा करून बघतेय. मी काय मिस केलं, काय मिस केलं. आणि तुला हॉलमध्ये विचारलं होतं मी. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"पाचक गोळी दिलीस."

"हो."

"तू बस चालवतोस. पन्नास माणसं मागे बसवून." ती रडत नव्हती. "तुम्हाला दोघांना काय वाटायचं, आम्ही कोण आहोत? काचेच्या आहोत? मी रोज मेलेल्या माणसांचे डोळे मिटते. मला चाललं नसतं का ते? तो मला चालला असता ना, आजारी." मग ती म्हणाली, "आता निघ."

मी निघालो. मैत्री खिडकीत होती, तिने हात केला, मी केला नाही.

पाच दिवस काही नाही. गुरुवारी डेपोत असताना तिचा फोन आला. आवाज कोरडा होता. "शनिवारी साडेनऊ. पेंडल हिल, स्टेशनजवळचं क्लिनिक. उपाशीपोटी ये, रक्त घेतील. मी बरोबर आहे. सोमवारपासून मला मॉर्निंग शिफ्ट आहे, त्याआधी हे उरकायचंय."

"कशाला? मी ठीक आहे."

"हे वाक्य मला पुन्हा ऐकवायचं नाही," ती म्हणाली. "मी तुला माफ केलेलं नाही. ते वेगळं. साडेनऊ."

आज तो शनिवार. वेटिंग रूममध्ये आम्ही दोघं मास्क लावून, मध्ये एक खुर्ची सोडून बसलो होतो. काउंटरवरच्या मुलीने नव्या पेशंटचा फॉर्म दिला. नाव, पत्ता, ॲलर्जी. मग एक प्रश्न होता, छातीत कधी दुखलं किंवा दाबल्यासारखं झालं आहे का. मी 'नाही'वर खूण केली. विचारही केला नाही, हात गेलाच तिकडे. खरं म्हणजे तू गेल्यापासून तीनदा झालं आहे. दोनदा घरी आणि एकदा बस लावताना. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर लायसन्स जाईल, आणि झोप नाही, त्यामुळेच होत असेल, आणि सुजाताला आधीच किती आहे. बघ, माझीही कारणं किती चांगली आहेत.

सुजाता फॉर्मकडे बघत होती. कधीपासून, मला माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "खरं लिही."

मी 'नाही' खोडलं आणि 'होय' लिहिलं, आणि तुझा इतका राग आला मिलिंद, की पेन तिच्या हातात देऊन मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. दोन अक्षरं होती रे. एवढंच होतं ते.